मेलेल्या जनावरापासून कीर्ती कशी काढावी

चित्र काढता येत नाही म्हणून हिरमुसून बसू नका. एक जनावर मिळवा. मेलेलं उत्तम; जिवंत असेल तरी फार दिवस अडचण राहत नाही.

पुढचं सगळं काम नावाचं. नुसता मेलेला मासा मांडलात तर लोक नाकाला रुमाल लावतील. त्यालाच मृत्यूवरचं, वाचता वाचता धाप लागेल असं नाव द्या, तेच लोक तिकीट काढून येतील. ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट यांनी १९९१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातला टायगर शार्क मागवून फॉर्मॅल्डिहाइडच्या, म्हणजे देह कुजू न देणाऱ्या रसायनाच्या, टाकीत ठेवला. मृत्यूचं चिंतन सुरू झालं, पण शार्कला ते मानवेना. तो नासू लागला, कातडीला सुरकुत्या पडल्या, टाकीतलं पाणी गढुळलं. मग आतला ऐवज काढून कातडं फायबरग्लासच्या साच्यावर ताणलं. तेही शोभेना, म्हणून २००६मध्ये दुसरा शार्क आणला. (पहिल्याचं मरण कमी पडलं असावं.) कलाकृती मात्र तीच! कल्पना महत्त्वाची, देह गौण, असं ठणकावून सांगा. देह गौण तर रबराचा का चालत नाही, असं विचारणाऱ्याला कलेतलं काही कळत नाही.

आकड्यांना घाबरू नका. २०१२मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात हर्स्ट यांच्याच प्रदर्शनात नऊ हजारांवर फुलपाखरं मेली. बिनखिडकीच्या खोलीत सोडलेली, काही प्रेक्षकांच्या पायाखाली गेली. लहान जीव घ्यावेत ते यासाठी: झाडून काढता येतात.

खून अंगावर येईल अशी भीती वाटत असेल, तर तो प्रेक्षकांकडून करून घ्या. मार्को एवारिस्ती या कलावंतानं २००० साली डेन्मार्कच्या एका संग्रहालयात मिक्सरच्या भांड्यांत जिवंत गोल्डफिश सोडले आणि बटण लोकांच्या हाती दिलं. ते दाबणारेही निघाले. दंड झाला तो संग्रहालयाच्या संचालकांना! तोही पुढे कोर्टात टिकला नाही. कोर्ट म्हणालं, मासे क्षणात मेले, हाल झाले नाहीत. माणसाच्या मनात डोकावण्याचा मान कलावंताचा, आणि डोकावायची किंमत माशाची.

आपणहून मेलेले किंवा गाडीखाली आलेले प्राणी तेवढे वापरणारेही कलावंत आहेत. त्यांच्या नादी लागू नका. बोंबाबोंब होत नाही.

शेवटी तारखेचं. हर्स्ट यांच्या १९९०च्या दशकातल्या म्हणून दाखवलेल्या काही जनावरांच्या कलाकृती २०१७मध्ये बनवल्याचं २०२४ साली उघड झालं. खुलासा असा, की तारीख कल्पना सुचली त्या दिवसाची. तेव्हा कल्पना आजच वहीत टिपून ठेवा. जनावर काय, सवडीनं मारता येईल.