बीॲट्रिक्स पॉटर: विज्ञानाने हाकललं म्हणून ससा काढला?

निळा कोट घातलेल्या पीटर सशाचं चित्र, खाली दहा-बारा ओळी आणि शेवटी रडका इमोजी. ही पोस्ट वर्षातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी मला पाठवतंच. शब्द बदलतात, कथा तीच. पीटर सशाच्या गोष्टी लिहिणारी इंग्रज लेखिका बीॲट्रिक्स पॉटर मुळात थोर शास्त्रज्ञ होती. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचा जोडसंसार, हे तिनेच प्रथम शोधलं. लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेने बाई म्हणून तिचा निबंध फेटाळला. खचून ती सशांच्या गोष्टींकडे वळली, तिथेही प्रकाशकांनी दारं लावली, पुढे प्रियकर वारला आणि ती खेड्यात जाऊन एकटी राहिली.

सरसकट खोटं असतं तर सोडून दिलं असतं. इथे खऱ्याचीच मोडतोड आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी निबंध. तो १ एप्रिल १८९७ रोजी सोसायटीत वाचला गेला. वाचला लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले कवकतज्ज्ञ, म्हणजे बुरशी-अळंब्यांचे अभ्यासक, जॉर्ज मॅसी यांनी, कारण बायकांना त्या बैठकीत बसायचीच मुभा नव्हती. पहिल्या स्त्रिया सोसायटीवर निवडून आल्या त्या १९०४ साली. क्यूचे संचालक थिसल्टन-डायर यांनी तर तिला उडवूनच लावलं होतं. तिचे आतोबा, रसायनशास्त्रज्ञ सर हेन्री रॉस्को, यांना त्यांनी इतकं उर्मट पत्र धाडलं की आतोबांनी ते तिला दाखवलंही नाही. तेव्हा अन्याय झालाच नाही असं म्हणायला मी आलेलो नाही.

पण निबंध फेटाळला गेला नाही. आठवड्याभराने, ८ एप्रिलच्या इतिवृत्तात, तो मागे घेण्याची विनंती तिच्याच वतीने नोंदलेली आहे. त्याच सप्टेंबरात चार्ल्स मॅकिन्टॉश यांना लिहिलेल्या पत्रात ती सांगते की मॅसींच्या म्हणण्याप्रमाणे निबंधाचं स्वागत चांगलं झालं, मात्र छापण्याआधी आणखी काम हवं असं मत पडलं. (मॅकिन्टॉश म्हणजे स्कॉटलंडमधले पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि अळंब्यांचे गाढे जाणकार. तिचे या विषयातले खरे गुरू तेच, आणि पोस्टमध्ये नेमके त्यांचंच नाव नसतं.) ‘दुरुस्त करून आणा’ आणि ‘चालते व्हा’ यात फरक आहे. संशोधन करणाऱ्या कुणालाही विचारा.

दगडफुलाच्या शोधाचं तर मूळच चुकलंय. निबंध होता अळंब्यांचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, कसे रुजतात याच्यावर. बुरशी-शैवालाच्या सहवासाची कल्पना स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात मांडली. तेव्हा बीॲट्रिक्स पाळण्यात होती. तिचा जन्म १८६६चा. बीजाणू रुजवण्याचं कामही जर्मनीत ब्रेफेल्ड यांनी तिच्याआधी केलं होतं. तिचं मोठेपण वेगळं आहे. घरच्या घरी, शिक्षणाची कसलीही पदवी नसताना तिने बीजाणू रुजवले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जे दिसलं तेवढंच रंगवलं. तिची अळंब्यांची चित्रं ॲम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात आहेत. त्यातली ५९ चित्रं १९६७ साली कवकांवरच्या एका पुस्तकात छापली गेली. निबंधाची प्रत मात्र आज कुठेच मिळत नाही. म्हणजे ‘क्रांतिकारक शोध’ वाचलेला माणूस पोस्ट लिहिणाऱ्यांत एकही नसणार.

आता सर्वात लाडका मुद्दा: विज्ञान सुटलं म्हणून ससा आला. इथे नुसत्या तारखा मांडल्या तरी पुरे. बेंजामिन या पाळीव सशाला समोर बसवून काढलेली चित्रं तिने १८९० साली शुभेच्छापत्रांसाठी ६ पौंडांना विकली होती. आनंदाच्या भरात बेंजामिनला भांगेच्या बियांचा खुराकही दिला. पीटरची गोष्ट लिहिली ४ सप्टेंबर १८९३ला. तिच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता, त्याला पाठवलेल्या सचित्र पत्रात. सोसायटीतल्या त्या दिवसाच्या साडेतीन वर्षं आधी! त्या काळात ती सकाळी अळंबी रंगवत होती आणि संध्याकाळी ससा, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पीटरच्या पंजांकडे, कानांकडे नीट पाहा. कोट उतरवला की खाली खराखुरा ससा आहे, हाडामांसाचा. हात तोच, डोळा तोच.

प्रकाशकांनी नाकारलं हे खरं. सहा तरी नकार आले. पण तिथेही ती बिचारी नव्हती, हट्टी होती. त्यांना मोठं, महाग पुस्तक हवं होतं. हिला लहान मुलांच्या हातात मावेल असं, शिलिंगभर किमतीचं. सहा शिलिंग खर्चणं छोट्या सशांना परवडत नाही, अशा अर्थाचं तिने लिहूनही ठेवलंय. शेवटी डिसेंबर १९०१मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या, त्या संपल्यावर आणखी २००. मध्यंतरी रॉन्सली नावाच्या पाद्री स्नेह्याने भलत्याच उत्साहाने सगळी गोष्ट पद्यात रचून वॉर्न प्रकाशनाला दिली. वॉर्ननी पद्य परत केलं आणि तिचं साधं गद्य मागितलं. सुटलो म्हणायचं. ऑक्टोबर १९०२ला रंगीत आवृत्ती निघाली, ८,००० प्रतींची. पुढच्याच वर्षी तिने पीटरची बाहुली स्वतः शिवून तिची पेटंट कार्यालयात नोंदणी केली. खचलेली माणसं अशी वागतात?

राहता राहिला प्रियकर. वॉर्न प्रकाशनाच्याच घराण्यातल्या नॉर्मन वॉर्न यांनी जुलै १९०५मध्ये लग्नाची मागणी घातली आणि २५ ऑगस्टला ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. हे दुःख खरं आणि मोठं होतं, त्यावर वाद नाही. पण उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातलं हिल टॉप हे शेत घ्यायचा विचार त्याआधीचा आहे. त्या वर्षी व्यवहार पुरा झाला, आणि पुढच्या आठेक वर्षांत तिची बरीच उत्तम पुस्तकं याच घराच्या, अंगणाच्या, जिन्याच्या आधाराने झाली. १९१३मध्ये तिने विल्यम हीलिस या तिथल्याच वकिलाशी लग्न केलं. म्हणजे ‘एकटी’सुद्धा गेलं.

त्यानंतर पुस्तकं हळूहळू मागे पडली आणि मेंढ्या पुढे आल्या. हर्डविक ही त्या डोंगरांतली काटक जात. ती टिकावी म्हणून बीॲट्रिक्स शेतामागून शेत घेत गेली. तिच्या मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला, म्हणजे ब्रिटनमधल्या वारसा जपणाऱ्या न्यासाला, ४,००० एकरांहून अधिक जमीन आणि पंधराएक शेतं मिळाली. बाजारात, प्रदर्शनात तिला मिसेस हीलिस म्हटलेलं आवडे. १९४३मध्ये हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेने पुढच्या अध्यक्ष म्हणून तिची निवड केली. त्या पदावर याआधी बाई कधी निवडली गेली नव्हती. २२ डिसेंबरला ती गेली, पद हाती घेण्याआधीच.