दहा वर्षं झाली म्हणून अटाल्यात?

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर गरागरा फिरतोय. राजेंद्र नगरच्या भिशीच्या ग्रुपवर तोच, सुदामा नगरच्या गणेशोत्सवाच्या ग्रुपवरही तोच. थोडक्यात असा: दहा वर्षांपेक्षा जुन्या कॉम्प्युटरवर आता इंटरनेट चालत नाही. साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं आलं तर समजा, हॅकर आत शिरलाय. जुनं मशीन कितीही दुरुस्त करा, रखडणारच. लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट प्रणाली) मराठी दिसत नाही. वीजही खूप खातं. आजच अटाल्यात, म्हणजे भंगारात द्या. पुढे पाठवा.

मी पुढे पाठवला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी तो दहाचा आकडा. तो आला कुठून? विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. ही मायक्रोसॉफ्टची आपल्या मालासाठी घातलेली अट झाली. वेबसाइटला तुमच्या डब्याचं वय कळत नाही, तिची गाठ ब्राउझरशी असते. आणि ब्राउझरची अट बरीच सैल आहे: क्रोमला २०२१ च्या ८९ व्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई-३ नावाचा सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा गठ्ठा, लागतो. २००६ च्या कोअर-२ ड्युओमध्ये तो आहे. पेंटियम-३ मध्ये त्याच्या आधीचा एसएसई-२ सुद्धा नाही, त्यामुळे त्याची सुटका नाही. म्हणजे रेषा ओढायचीच तर ती २००६ च्या आसपास पडते. मजकूर लिहिणाऱ्याने ती नऊ-दहा वर्षं पुढे सरकवली आणि मधली सगळी पिढी एका झटक्यात मारून टाकली.

आता त्या ‘सुरक्षित नाही’ वाल्या पाटीबद्दल. या एका पाटीपायी धडधाकट मशीनं विकली गेलीत, म्हणून जरा थांबून सांगतो. रामबागेतल्या एका काकूंकडे प्रत्येक साइटवर हीच पाटी यायची. गूगलवर, बातम्यांवर, रेल्वेच्या साइटवर, सगळीकडे. मुलाने ‘व्हायरस आहे’ म्हणून निकाल देऊन टाकला होता. उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कुणी बघितलंच नव्हतं. तिथे तारीख होती १ जानेवारी २००२. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. तुमचं मशीन २००२ मध्ये बसलंय आणि प्रमाणपत्र या वर्षीचं, मग ब्राउझर म्हणणारच की हे अजून सुरूच झालेलं नाही. दोष मदरबोर्डवरच्या रुपयाच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर-२०३२. मशीन बंद असताना घड्याळ तोच चालू ठेवतो. बाजूची क्लिप मागे दाबली की तो टुणकन वर येतो. नवा बसवला, सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन तारीख घातली, काम झालं. मशीन चालू करताना दर वेळी ‘एफ-१ दाबा’ म्हणून अडत असेल तर बहुधा हाच आजार.

सेल ठीक असूनही पाटी येत असेल तर दुसरं कारण बघा. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स-३’ हे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या जोरावर बाकीची प्रमाणपत्रं खरी मानली जातात ते, संपलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं वापरणाऱ्या असंख्य साइट त्याच्याच भरवशावर जुन्या मशीनांना ओळख पटवत होत्या. ज्या विंडोजला नवं मूळ प्रमाणपत्र मिळालं नव्हतं, तिच्यावर त्या एका रात्रीत बंद पडल्या. गंमत अशी की एकाच विंडोज एक्सपीवर क्रोमची शेवटची आवृत्ती, म्हणजे ४९, अडायची आणि फायरफॉक्स ५२ चालायचा, कारण क्रोम विंडोजची यादी बघायचा आणि फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर घेऊन यायचा. मशीन तेच, प्रोसेसर तोच. हॅकर कुठे आला यात?

‘रखडणारच’ या मुद्द्यात तक्रार खरी आहे, निदान चुकीचं आहे. दोन जीबी रॅम असलेल्या मशीनवर चार टॅब उघडले की रॅम भरते आणि उरलेलं हार्ड डिस्कवर उतरवावं लागतं. फिरत्या तबकडीला दर फेरीला दहा-बारा मिलीसेकंद लागतात, साध्या साटा एसएसडीला, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कला, त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा वेळ. म्हणून रॅम चार जीबी करा आणि एसएसडी लावा, मग बोला. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये डीडीआर-२, म्हणजे जुन्या मशीनची रॅम, विचारलीत तर दुकानदार आधी हसतो, मग खालचा ड्रॉवर उघडतो.

बाकीचं पाप साइटवाल्यांचं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर मजकूर साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. त्या हिशेबाने पाचशे शब्दांची मराठी बातमी दहा केबीच्या आसपास बसते. पण ती बातमी वाचायला तुम्ही काही एमबी ओढता, कारण सोबत जाहिराती, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि तुमच्या मागावर असलेल्या स्क्रिप्टांची वरात असते. फायरफॉक्सवर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, वरातीतले निम्मे लोक दारातूनच परत जातात. यूट्यूब अडखळत असेल तर ४८० वर ठेवा आणि एच-२६४ हा जुना व्हिडिओ प्रकार मागणारं एक्स्टेन्शन लावा. व्हीपी-९ आणि एव्ही-१ हे नवे प्रकार उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसते, तो सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो.

लिनक्सवर मराठी दिसत नाही, हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. उलट आठवा, एक्सपी कोरी टाकली की काही प्रोग्रॅममध्ये ‘किती’ मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडायचे. प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, मग ती सीडी मागायची, आणि सीडी कुणाकडेच नसायची. आज लिनक्सचा मिंट हा प्रकार टाकला की देवनागरी आधीपासून नीट दिसते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड यादीतून निवडायचा एवढंच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फक्त प्रोसेसर ६४ बिटचा हवा. अपवाद एकच: श्रीलिपीसारख्या विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ज्यांचं रोजचं छपाईचं काम चालतं, त्यांनी ती विंडोज तशीच ठेवावी आणि नेटची वायर काढून टाकावी.

हॅकरच्या मुद्द्यावर मी मजकुराला अर्धे गुण देईन. एक्सपी किंवा विंडोज ७ वर बँकेचं काम करूच नका. एक्सपीचे अपडेट २०१४ ला, सातचे २०२० ला थांबले, आणि क्रोम १०९ च्या पुढे सातवर गेलाच नाही. शिवाय २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर कोअर-२ च्या काळातल्या बऱ्याच चिपांना इंटेलने दुरुस्ती दिली नाही, हेही खरं. लिनक्सच्या कर्नेलने (गाभ्याने) आणि ब्राउझरांनी आपापल्या परीने बंदोबस्त केलाय, पण तो पूर्ण नाही. तरी भोकं मुख्यतः न सुधारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि ते बदलता येतं. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे अॅप बसवणारी फाइल तर नव्याकोऱ्या फोनवरच खातं रिकामं करते.

विजेचं गणित सोपं आहे. शंभर वॅटचं मशीन रोज चार तास चाललं तर महिन्याला बारा युनिट. वीस वॅटचा लॅपटॉप तेवढ्यात अडीच युनिटही घेत नाही. फरक आहे, पण नव्या लॅपटॉपची किंमत त्यातून वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते आपलं बिल हातात घेऊन बघा. पेंटियम-४ ची गोष्ट वेगळी. त्यातले काही प्रोसेसर एकटेच ११५ वॅटपर्यंत जायचे, वर काचेचा मॉनिटर.

तेव्हा ज्यांच्याकडे पेंटियम-३ आहे किंवा ३२ बिटचा पेंटियम-४ आहे, त्यांनी खुशाल काढून टाकावा. फक्त अटालेवाल्याला देऊ नका. आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात जाऊ द्या. आणि त्याआधी चार स्क्रू काढून हार्ड डिस्क घरात ठेवा, तिच्यात तुमच्या पॅन कार्डचं स्कॅन आहे.