रॅम म्हणे बोर्डालाच चिकटवलेली!

माझा डेस्कटॉप २०१४चा. रॅम कमी पडली, रिकाम्या खाचेत ४ जीबीची पट्टी खोचली. हार्ड डिस्क रखडायला लागली, एसएसडी बसवली. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जळला, तोही बदलला. चार स्क्रू काढायचे, धूळ झटकायची, झालं काम.

आता विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही. म्हणून लॅपटॉप बघतोय. तर जाईन तिथे तेच! ८ जीबी रॅम, थेट बोर्डावर सोल्डर केलेली.

"पुढे वाढवता येईल?"

"नाही सर, आत्ताच १६वाला घ्या."

म्हणजे पाच वर्षांनी काय लागेल त्याचे पैसे मी आजच मोजायचे? अहो, एक खाच ठेवायला काय जातं यांचं!