काडीपैलवानाचं रक्त

आमच्या अख्ख्या घराण्यात सडपातळ मी एकटाच. वजन ६२ किलो. लग्नातला कोट अजून अंगात जातो (बटणं लागत नाहीत, पण जातो). या भांडवलावर मी धाकट्या मेहुण्याला वीस वर्षं आरोग्यावर व्याख्यानं दिली. तो ९४ किलोंचा. पंगतीत त्याच्या पानातली श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवून "अरे, जरा जपून" म्हणायचा मान माझा. तोही बिचारा "बरोबर आहे, भावोजी" म्हणून गप्प बसायचा.

मग आमच्या ऑफिसात पन्नाशी उलटलेल्यांची तपासणी निघाली. लिपिड प्रोफाइल. बारा तास उपास, चालेल ते फक्त पाणी. ज्यात साबुदाण्याची खिचडी नाही त्याला उपास म्हणणं मला पटत नाही, पण असो. नेमकं आदल्या संध्याकाळी शेजारी बारसं. साडेआठला मठ्ठा-जिलबी. सकाळी साडेसातला दंड पुढे केला तेव्हा अकरा तास झालेच होते, उरलेला एक मी मनातल्या मनात भरून काढला.

दुपारी लॅबमधून फोन. "काका, जरा येऊन जाता का?"

तिथली मुलगी नळी उजेडात धरून उभी होती. तळाला लाल रक्त, आणि वर जिथं पिवळसर नितळ पाणी दिसायला हवं तिथं पांढुरकं, गढूळ काहीतरी.

"काल काय खाल्लं होतं?"

"मठ्ठा," मी म्हणालो. मला खरंच वाटलं, तोच वर आलाय.

ती चरबी होती. ट्रायग्लिसराइड ४३६. हवं १५०च्या आत. एलडीएलच्या रकान्यात मात्र नुसती रेघ. वाईट कोलेस्टेरॉल शून्य! तिथूनच बायकोला फोन लावणार, तेवढ्यात मुलीनं थांबवलं. इथं एलडीएल थेट मोजत नाहीत, म्हणाली. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. फ्रीडवाल्ड नावाच्या गृहस्थांचं १९७२चं सूत्र. पण ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की ते चालत नाही. म्हणजे इतकी वर्षं जगभर चाललेल्या गणितानं माझ्या रक्तापुढे हात टेकले होते.

डॉक्टरांनी टेप काढली. बेंबीवरून घेर ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना हद्द ९०ची.

"पण पँट चौतीसची आहे, डॉक्टर!"

"ती तुम्ही पोटाखाली घालता."

मग त्यांनी पुण्याच्याच डॉ. याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हातपाय काड्या, चरबी आत दडलेली. माझाही बीएमआय साधारण तेवढाच. एवढ्या मोठ्या माणसाशी आपलं काही जुळतं याचा क्षणभर अभिमानच वाटला.

पंधरा दिवसांनी चोख बारा तास उपाशी राहून पुन्हा रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड २८७. जिलबीवर ढकलायची सोयही गेली. एचडीएल ४०च्या वर हवं, माझं ३४.

बायकोनं हे सगळं माहेरी कळवलं. मेहुण्यानं लगोलग तपासणी करून घेतली. ट्रायग्लिसराइड ११८, एचडीएल ५२. तो रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो म्हणे. मी समजत होतो, भेळेसाठी जातो.

दसऱ्याला सगळे जेवायला बसलो. तो काहीच बोलला नाही. फक्त माझ्या पानातली श्रीखंडाची वाटी उचलून आपल्या वाटीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आकडा खाली येईपर्यंत मी सांभाळतो, भावोजी."