रानपिंगळा निशाचर नाही आणि केवळ मेळघाटचाही नाही

रानपिंगळा या लहान घुबडाच्या छायाचित्रासह एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. हा पक्षी 113 वर्षे नामशेष झाला होता, तो रात्री शिकार करतो, गावातल्या पिंगळ्याहून तो फारसा वेगळा नाही आणि आता जगात केवळ मेळघाटात उरला आहे, अशी चार विधाने त्यात असतात. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु चारही विधाने चुकीची आहेत आणि शेवटचे तर या पक्ष्याच्या मुळावर येणारे आहे.

113 हा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेल्या नमुन्यांनंतर (मारून, पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांनंतर), म्हणजे 1884 नंतर, 1997 पर्यंत या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही. नोंद नसणे आणि पक्षी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी 1914 मध्ये गुजरातमधील मांडवी येथे एक नमुना मिळाल्याचा दावा केला होता. तो नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला जुनाच पक्षी होता, हे पुढे सिद्ध झाले. पण तोवर या खोट्या ठिकाणामुळे शोधकार्याची दिशाभूल होऊन गेली होती. अमेरिकी पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ही नोंद बाजूला ठेवून अस्सल नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांच्यासमोर भरदिवसा बसलेला दिसला. पक्षी खानदेशात होताच. शोधणारेच दुसरीकडे पाहत होते.

'भरदिवसा' हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण घुबड म्हटले की रात्र, हे समीकरण या पक्ष्याला लागू पडत नाही. हिवाळ्यातील सकाळी तो उंच, निष्पर्ण फांदीच्या टोकाशी उघड्यावर ऊन खात बसतो. भक्ष्य हेरताना त्याची शेपटी झटक्याझटक्याने डावी-उजवीकडे हलते आणि मग तो सरळ जमिनीवर झेप घेतो. त्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा सरडे आणि सापसुरळ्यांचा असतो. त्याखालोखाल उंदीर, शिवाय बेडूक, कीटक आणि क्वचित लहान पक्षी. सरडे आणि सापसुरळ्या उन्हात बाहेर पडणाऱ्या असल्यामुळे त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्याने दिवसा शिकार करावी, यात नवल नाही. त्याला पाहण्यासाठी रात्री बॅटऱ्या घेऊन जंगलात हिंडण्याची, म्हणूनच, काहीच गरज नाही.

गावातल्या पिंगळ्याशी त्याचे साम्य आहे, हे खरे. तरीही नीट पाहिल्यास घोटाळा होत नाही. पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ एकसारखी तपकिरी दिसते. छातीवर गडद तपकिरी रंग, पोट स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे, बोटांपर्यंत दाट पांढरी पिसे आणि शरीराच्या मानाने चांगलेच मोठे पंजे, ही त्याची ओळख आहे. हे दोन स्वतंत्र पक्षी आहेत. वस्तीतल्या पिंगळ्याला रानपिंगळा समजून आनंद मानणे वरवर निरुपद्रवी वाटते, पण त्यामुळे नोंदी दूषित होतात.

राहिला मेळघाट. तिथे रानपिंगळा आहे आणि चांगल्या संख्येने आहे. पण तो तोरणमाळच्या परिसरात, यावलमध्ये, मध्य प्रदेशातील खंडवा आणि बुऱ्हाणपूरच्या जंगलात, गुजरातमध्ये डांगकडेही आहे. 2014 मध्ये तर तो मुंबईपासून फारशा दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात आढळला. अशा नव्या ठिकाणांमुळेच 2018 मध्ये धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्याची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाली. ही सुधारणा कागदावरची आहे, कारण प्रौढ पक्ष्यांची संख्या अद्याप हजाराच्या आतच धरली जाते. 'मेळघाट सुरक्षित म्हणजे रानपिंगळा सुरक्षित' असे एकदा गृहीत धरले, की अभयारण्याबाहेरच्या सागाच्या जंगलातील वृक्षतोड, वणवे आणि अतिक्रमण यांकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते. रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या झाडांतल्या तयार ढोलीतच तो अंडी घालतो. अशी पोकळ, वाळकी झाडे 'निरुपयोगी' म्हणून जळणासाठी सर्वात आधी तोडली जातात, आणि शहादा-तळोद्याकडच्या राखीव नसलेल्या जंगलात तर ती तोडणाऱ्यांना आजही कोणती सीमारेषा आड येत नाही.