वीस सेंटची आंघोळ

अंगाला साबण लागलेला असताना माणसाला भूगोल ऐकवू नये, एवढा शिष्टाचार जगभर पाळला जात असेल अशी माझी समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या वाळवंटी गावात तो पाळत नाहीत.

जागा: कॅरव्हान पार्कची सार्वजनिक न्हाणी. पत्र्याच्या आडोशांची रांग, आणि प्रत्येक आडोशात भिंतीवर एक लोखंडी पेटी. पेटीत वीस सेंटचं नाणं टाकलं की तीन मिनिटं पाणी येतं. नाणं वीस सेंटचंच हवं. दोन डॉलरचं नाणं आकाराने इतकं चिमुकलं की ते आरपार घरंगळून खालच्या खोबणीतून परत बाहेर येतं. म्हणजे दसपट पैसे मोजायची तयारी असली तरी तुम्ही कोरडेच.

आता मेलबर्नमध्ये राहणाऱ्या माणसाकडे सुटं नाणं कुठून असणार? कॉफी, भाजी, केशकर्तन, सगळं कार्ड टेकवून. याच कूबर पीडीत हजारो डॉलरचा ओपल, म्हणजे रत्नाचा खडा, कार्ड टेकवून मिळतो, पेट्रोल मिळतं, पिझ्झा मिळतो. आंघोळीला तेवढी रोकड. ऑफिसला विचारावं तर ऑफिस सहाला बंद. गाडीचे कप्पे उचकून, सीटखाली हात घालून चार नाणी निघाली. त्यातली तीन बायको आणि मुलीने घेतली, कारण "आमचे केस लांब आहेत." मुलाने आंघोळीला साफ नकार दिला. एरवी मी ओरडलो असतो, त्या दिवशी त्याची पाठ थोपटली. उरलं एक नाणं. त्या नाण्यावर प्लॅटिपस आहे, ऐन पाण्यात मजेत पोहणारा. निर्लज्जपणा म्हणतात तो हा.

हा प्रवास मुळात मुलांच्या हट्टापायी. आउटबॅक, म्हणजे देशाचा आतला ओसाड मुलूख, बघितला नाही म्हणजे ऑस्ट्रेलिया बघितलाच नाही, असं त्यांना शाळेत कुणीतरी सांगितलं होतं, आणि तोही तंबूतूनच बघायचा असतो. म्हणून मेलबर्नहून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत तंबू, कुकर आणि दोन मुलं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर याम्बाला फळमाशीच्या बंदोबस्ताची चौकी आहे. फळं, टोमॅटो, मिरच्या आत न्यायला बंदी, सापडलं तर दंड. चौकीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन आम्ही चौघांनी सफरचंदं संपवली. मिरच्या कुणालाच संपवता येईनात. बायकोने त्या कचरापेटीत टाकल्या तेव्हाचा तिचा चेहरा मी पूर्वी फक्त तिच्या बहिणीच्या सासरी जाताना पाहिला होता. पुढे ग्लेनडॅम्बोला पाटी लागली: मेंढ्या 22,500, माश्या 20 लाख (अंदाजे), माणसं 30. त्यातल्या निम्म्या माश्या आमच्याबरोबर उत्तरेला आल्या.

कूबर पीडीची जमीन अशी, की तंबूच्या खुंट्या आत जाण्याऐवजी वाकतात. गावातले निम्मे लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. बाहेर 45 अंश असो की रात्रीचा गारठा असो, आत बारा महिने 23 ते 25. गोल्फचं मैदान आहे, पण त्यावर गवताची काडी नाही. खेळणारे हिरवळीचा एक चौकोनी तुकडा स्वतःबरोबर घेऊन फिरतात, चेंडू त्यावर ठेवतात, मारतात, आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतात. अशा गावात पाण्याचं मोल असणारच, हे मला मान्य आहे. ते मान्य आहे म्हणूनच पुढचं झोंबलं.

नाणं टाकलं. शाम्पू केला. चंदनाचा साबण अंगभर लावला, कारण केसांत, कानांत, पापण्यांत तांबडी माती बसली होती. आणि पेटीत खट्ट झालं.

कोरड्या हवेत फेस काय वेगाने वाळतो हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. कातडी ताणायला लागते. भुवया उचलता येत नाहीत. एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर पलीकडच्या आडोशात पाणी धो धो चालू. पत्रा जमिनीपासून वीतभर वर होता, त्याखालून दोन पाय दिसले. म्हाताऱ्या माणसाचे, रबरी चपला घातलेले. घोट्याच्या वर मातीचा तांबडा रंग, घोट्याच्या खाली मोज्यात राहिलेला पांढराफटक भाग, आणि मधली सीमारेषा पट्टी लावून आखलेली. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. या गृहस्थाचं मला शेवटपर्यंत एवढंच दर्शन झालं, पण ते पाय मी कुठेही ओळखीन.

"एक्सक्यूज मी," मी म्हणालो, "वीस सेंटचं नाणं असेल का तुमच्याकडे?"

"पहिल्यांदाच आलास ना, मेट?" पाय म्हणाले.

"हो. नाणं असेल तर—"

"तरीच. तुम्ही शहरातले लोक आधी शाम्पू करता."

मी गप्प. आधी शाम्पू केला होता हे याला कसं कळलं?

"तीस सेकंद ओलं व्हायचं. नळ बंद. साबण. मग नळ चालू, तीस सेकंद. संपलं. माझी बायकोसुद्धा दीड मिनिटात बाहेर येते, आणि ती जाड आहे."

"पण नळ बंद केला तरी पेटीतली वेळ थांबत नाही," मी म्हणालो. हे मी स्वतः करून पाहिलं होतं.

पलीकडे काही क्षण नुसतं पाणी. मग: "तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व! स्वतःचं पाणी अखंड चालू, आणि तत्त्व!

"हे पाणी कुठून येतं, माहीत आहे?"

मला ते आपल्या इथे यावं एवढंच हवं होतं. पण पायांनी सुरुवात केली होती. गावापासून चोवीस-पंचवीस किलोमीटरवर बोअर आहे. तिथलं पाणी खारट. ते नळाने गावात आणतात, रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडं करतात, तेव्हा कुठे ते पेटीत येतं. त्यावरून गाडी ग्रेट आर्टेशियन बेसिन या भूगर्भातल्या पाण्याच्या साठ्यावर गेली. सतरा लाख चौरस किलोमीटर, जमिनीखाली, मेट, या खंडाचा पाचवा हिस्सा, आणि काही ठिकाणी पाणी उकळत्यासारखं गरम वर येतं. मी म्हटलं, वा. डोळ्यात शाम्पू गेला होता. त्यावरून ते ॲना क्रीकवर आले. जगातलं सगळ्यात मोठं गुरांचं रान म्हणतात ते, इथून पूर्वेला. सुमारे 15,700 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा पुणे जिल्हा एका कंपनीच्या नावावर आणि त्यात नुसती गुरं. तिथे त्यांचा मेहुणा एकोणीस वर्षं कामाला होता आणि त्याने आठवड्यातून एकदाच आंघोळ केली. मेहुण्याचं लग्न टिकलं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तोंडात फेस होता.

मग इतिहास. 1915 साली सोनं शोधायला आलेल्या टोळीत विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा पोरगा होता. मोठी माणसं त्याला मुक्कामावर सोडून गेली. पोरगा पाणी शोधायला निघाला आणि ओपल घेऊन परत आला. "तेव्हा लक्षात ठेव," पाय म्हणाले, "हे गावच मुळी पाण्याच्या शोधातून सापडलंय."

"मीही शोधतोच आहे," मी म्हणालो.

हा विनोद वाया गेला. पलीकडे पाय आलटून पालटून धुणं चाललं होतं. काळं नख दोनदा.

"मूळचा कुठला तू?"

"मेलबर्न."

"नाही, मूळचा."

"लातूर. महाराष्ट्र. भारत."

"अच्छा, इंडिया! तिकडे तुमच्याकडे मॉन्सून. धो धो पाऊस. म्हणून तुम्हा लोकांना पाणी वाचवायची सवय नसते. तुझा दोष नाही, मेट."

इथे मला थंडी वाजत होती ती थांबली.

लातूरच्या माणसाला पाणी वाचवायला शिकवतो! ज्या गावात 2016 च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती मारामारी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली, ज्या गावाला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या गावच्या माणसाला! मी तेव्हा मेलबर्नलाच होतो. आई फोनवर तब्येत विचारायच्या आधी "टँकर आला होता" किंवा "नाही आला" हे सांगायची. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशी पुसलेलं पाणी संडासला जायचं. एका बादलीत मी आणि माझा भाऊ दोघांनी आंघोळ करून वर तांब्याभर पाणी शिल्लक ठेवायचो, आणि ते शिल्लक राहिलं नाही तर आजी कुणी सांडलं याची चौकशी करायची. पाऊस म्हणे. पाऊस टीव्हीवर कोकणात दिसायचा.

आणि मुळात, या न्हाणीत एक बादली आणि एक मग ठेवला असता तर हा प्रसंगच आला नसता. पेटी, टायमर, नाण्याची खाच, खारं पाणी गोडं करायचं यंत्र, एवढं सगळं सुचलं, बादली सुचली नाही. वीस सेंटचं पाणी बादलीत धरलं असतं तर मी आमच्या चौघांच्या आंघोळी आटोपून वर मोजे धुतले असते. शॉवर हा पाणी उधळायचाच प्रकार. त्याच्याखाली उभं राहून काटकसर शिकवायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपासाचं माहात्म्य सांगायचं.

हे सगळं मला इंग्रजीत म्हणायचं होतं. पण भांडणाचं इंग्रजी मला अजून अंगावर कपडे असतानाच जमतं. मी म्हणालो, "सर, नाणं."

"आहे की," पाय म्हणाले. "पेटीवर ठेवलंय. थांब, खालून सरकवतो."

वाकणं त्यांना जमत नसावं. त्यांनी नाणं खाली टाकलं आणि काळ्या नखाच्या अंगठ्याने माझ्याकडे ढकललं. आता तिकडचं पाणी अजून चालूच होतं, आणि फरशीला उतार होता. प्लॅटिपस पत्र्याखालून आला, माझ्या टाचेजवळून गेला, मी वाकलो, डोळा झोंबला, आणि तो मोरीच्या जाळीतून शांतपणे आत गेला. टुबुक.

"मिळालं?"

"गेलं."

"अरेरे. तेवढंच होतं." मग नळ बंद झाला, टॉवेल झटकल्याचा आवाज, आणि पाय निघाले. दारातून म्हणाले, "पुढच्या वेळी तीस सेकंद, लक्षात ठेव!"

फेस तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून, सगळ्या कॅरव्हान पार्कमधून मी तंबूकडे आलो. लोक घडीच्या खुर्च्या टाकून सूर्यास्त बघत बसले होते. त्यांनी सूर्यास्ताकडे पाठ फिरवली.

"आत झोपलास का रे?" बायको म्हणाली. तिने पिण्याच्या पाण्यातली एक बाटली दिली, एकच. दीड लिटर. त्यात मी डोकं, तोंड आणि छाती स्वच्छ केली. लातूरचा हात आहे, विसरलेला नाही. पाठ मात्र राहिली.

दुसऱ्या दिवशी ओपलचं संग्रहालय बघितलं. मुलीने पाटी वाचून सांगितलं, "बाबा, ओपलमध्ये पाणी असतं. सहा ते दहा टक्के." म्हणजे काचेतल्या त्या दगडाला माझ्या पाठीपेक्षा जास्त पाणी मिळालं होतं.

पण एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. आम्ही ज्यावरून उत्तरेला चाललो होतो त्या स्टुअर्ट हायवेवर कॅरव्हान घेऊन फिरणाऱ्या निवृत्त मंडळींच्या गाड्यांत यूएचएफ रेडिओ असतात. एकमेकांशी अठरा नंबरच्या चॅनेलवर बोलतात. पुढे रस्ता कसा आहे, डिझेल कुठे आहे, गुरं आडवी येताहेत का. उपयोगी सोय आहे, माझी तक्रार नाही. पण शेकडो किलोमीटर रस्ता सरळ, दोन्हीकडे काही नाही, माणसं किती वेळ गुरांवर बोलणार?

मार्लाला पेट्रोल भरताना एक अनोळखी माणूस माझ्याकडे बघून हसला आणि बायकोला कोपराने ढोसलं. मी दुर्लक्ष केलं. चंदनाच्या वासाने माझ्या पाठीवर माश्या जमल्या होत्या, त्याला हसला असेल. मग एर्लडुंडाला, हद्द ओलांडून नॉर्दर्न टेरिटरीत शिरल्यावर, डोक्यावर माश्यांची जाळी घातलेली एक आजीबाई थेट आमच्या गाडीपाशी आली.

"तूच ना तो शॉवरवाला?"

माझी दोन्ही मुलं मागच्या सीटवर आडवी झाली. बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"इथे नाणं लागत नाही," आजीबाईंनी दिलासा दिला, "पण तरी जपून हं. पाणी फार मोलाचं असतं इकडे."

"बाई," मी म्हणालो, "मी लातूरचा आहे."

"लातूर?" त्यांनी जाळी वर केली. "ते गोव्याजवळ का? आम्ही गेलो होतो गोव्याला. काय पाऊस!"

"अगदी खेटून," मी म्हणालो, आणि पेट्रोलचे पैसे द्यायला आत गेलो.