मार्को दर शनिवारी जातो

इटलीतल्या फाएन्झा गावात माझ्या वरच्या मजल्यावर ज्या सिन्योराबाई राहतात, त्यांचं आणि माझं एरवी काही वाकडं नाही. जिन्यात भेटल्या की त्या माझ्या जेवणाची चौकशी करतात, मी त्यांच्या गुडघ्यांची. भानगड फक्त शनिवारची आहे. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे साफसफाई असते आणि गायिका लाउरा पाउसिनीशिवाय त्यांचा हात चालत नाही. साडेआठला वर खुर्च्या सरकू लागतात, मग व्हॅक्यूम क्लीनर घुरघुरतो, आणि त्याला दाबून टाकेल इतक्या आवाजात '२० – द ग्रेटेस्ट हिट्स' सुरू होतो.

हा अल्बम २०१३ सालचा. लाउराच्या कारकिर्दीला वीस वर्षं झाली म्हणून काढलेला, आणि चांगला दोन सीडींचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी एवढाच बाईंचा संसार; तो झाडायला एक सीडी पुरून उरावी. पण गाणी संपल्याशिवाय घर स्वच्छ झालं असं त्या मानत नाहीत. दुसरी सीडी लागली की त्या पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात करतात.

लाउराबद्दल माझी काही तक्रार नाही. आवाज खणखणीत, सूर पक्का. १९९३ च्या फेब्रुवारीत, अठराव्या वर्षी, ती सानरेमोच्या गाण्यांच्या महोत्सवात 'ला सोलितूदिने', म्हणजे 'एकटेपण', हे गाणं गायली आणि नवोदितांच्या गटात पहिली आली. त्यात ती पडली इथली. जन्म फाएन्झाचा, आणि वाढली ती इथून दहाएक किलोमीटरवरच्या सोलारोलोत. वडील पियानो बारमध्ये गायचे, त्यांच्यासोबत ही पोरगीही गायची. त्या काळी त्या दोघांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं मला या गावात इतकी भेटली आहेत, की ती सगळी खरं बोलत असतील तर त्या बारमध्ये वेटरला हलायलाही जागा उरली नसेल. आमच्या सिन्योराबाई तर २ जून २००७ ला मिलानच्या सान सीरो स्टेडियमवरही हजर होत्या. त्या मैदानावर स्वतःचा कार्यक्रम करणारी लाउरा ही पहिली बाई. भर पावसात झाला कार्यक्रम. बाईंचे गुडघे तेव्हापासून धरले आहेत. त्याचा दोष त्या पावसाला देतात.

माझं भांडण आहे ते 'ग्रेटेस्ट हिट्स' या प्रकाराशी. साध्या अल्बममध्ये दोनचार पडेल गाणी असतात. त्यांच्या जिवावर माणूस चहा करून घेतो, दात घासतो. निवडक गाण्यांच्या संग्रहात ती सोय नाही. तिथे देऊळ नाहीच, नुसते कळस. प्रत्येक गाणं हळू आवाजात सुरू होतं, दुसऱ्या कडव्याला ढग जमतात आणि शेवटी लाउरा अशा उंचीवर जाते, की माझ्या मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांशी बोलायला लागतात. आता संपलं म्हणून श्वास सोडावा, तर पुढच्या गाण्यात पुन्हा कुणीतरी कुणालातरी सोडून चाललेलं असतं. हे सगळं न्याहारीच्या आधी.

सोडून जाणाऱ्यांत पहिला मान मार्कोचा. मार्को म्हणजे 'ला सोलितूदिने'मधला मुलगा. तो गेला आहे, परत येणार नाही, आणि साडेसातची गाडी आता त्याच्याविना धावते. मी स्वतः साधारण त्याच वेळेच्या लोकलने बोलोन्याला कामावर जातो. त्या गाडीत मार्को नाही असं कधी झालेलंच नाही. एक हाक मारली तर अर्धा डबा मान वळवेल. आमच्या प्रयोगशाळेतच तिघे मार्को आहेत, आणि त्यांतला एकही कुठे जात नाही. रजेवरसुद्धा ढकलून पाठवावं लागतं. गाण्यातला मार्को मात्र १९९३ मध्ये गेला तो गेलाच. पुढच्याच वर्षी स्पॅनिशमध्ये गेला. मग गीतकार टिम राईस यांनी इंग्रजी शब्द लिहून दिले, त्यात गेला. आणि या वीस वर्षांच्या अल्बमसाठी खुद्द सिनेसंगीतकार एन्नियो मोर्रिकोने यांना वाद्यवृंदासकट गाठून त्याला नव्याने घालवला आहे. एका शाळकरी मुलाच्या बदललेल्या पत्त्याची इतकी तजवीज मी दुसरीकडे पाहिली नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण लाउरा आपले बहुतेक अल्बम स्पॅनिशमध्येही करते. २००६ साली तिला ग्रॅमी मिळालं तेही 'एस्कूचा' या स्पॅनिश अल्बमला. ओघानेच या संग्रहाचीही स्पॅनिश आवृत्ती निघाली, आणि सिन्योराबाईंची नणंद स्पेनमध्ये असते. पुढचं सांगायला नको. नणंदेने प्रेमाने दिलेली वस्तू तशीच ठेवून चालत नाही, हे इटलीतही चालत आलेलं आहे. त्यामुळे सणावाराच्या आधी, म्हणजे नाताळ आणि ईस्टरच्या मोठ्या सफाईला, सगळी दुःखं दोनदा येतात.

आईचा नाशिकहून व्हिडिओ कॉल नेमका शनिवारीच असतो. पहिल्यांदा तिने ऐकलं तेव्हा दचकून म्हणाली, "अरे, वर कोण रडतंय? जा, बघून ये, एकटीच असेल बिचारी." ते रडणं नव्हे, गाणं आहे, हे पटवायला वेळ लागला. मग तिने अर्थ विचारला. मी मार्कोची हकीकत सांगितली. तेव्हापासून फोनच्या शेवटी माझा सर्दीखोकला विचारून झाला की ती म्हणते, "आणि त्या मुलाचं काही कळलं का रे?"

या शिकवणीचा माझ्या इटालियनवर भलताच परिणाम झालेला आहे. कायमचं दुरावणं, समुद्राकडे बघत वाट पाहणं, तुझ्याविना जगणं या विषयांवर मी न अडखळता बोलू शकतो. मागे सिंकखालचा पाइप गळायला लागला तेव्हा प्लंबरला फोन केला. त्याला म्हणालो, की पाणी मला सोडून चाललं आहे आणि मी त्याला थांबवू शकत नाही. तो क्षणभर गप्प राहिला, मग फार हळुवार आवाजात म्हणाला, "सिन्योरे, तुमच्या घरी आणखी कुणी आहे का?"

शेवटी मी इमारतीच्या सभेत जायचं ठरवलं. इथल्या सभेची पहिली वेळ नोटिशीत हमखास मध्यरात्रीच्या आसपासची छापतात. तिला कुणी यायचं नसतंच. ती गणसंख्येअभावी बारगळली की मग दुसऱ्या वेळेला कमी डोक्यांत सभा वैध होते. आपल्या सोसायट्यांत सभा अर्धा तास तहकूब करून तिथेच पुन्हा भरवतात, त्यातलाच प्रकार. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. अडचण एकच होती. इटलीच्या १९७८ च्या कायद्याप्रमाणे भाडेकरूला मत आहे ते फक्त हीटिंग आणि एअर कंडिशनिंगच्या विषयांवर. गाण्याबजावण्यावर त्याला तोंड उघडायची सोय नाही. शिवाय आमच्या नियमावलीत शांतता पाळायची ती दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री. शनिवारची सकाळ सगळ्यांना मोकळी.

मी रात्रभर विचार करून गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, की वरचा आवाज माझ्याकडे रेडिएटरच्या नळीतून येतो, सबब हा विषय हीटिंगचा आहे.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मुद्दा दाखल करून घेतला. सिन्योराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांच्याकडची पियादिना, म्हणजे इथली चपटी पोळी, या महिन्यात तरी येणार नाही हे मला कळलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे निवृत्त आजोबा उठले. "नळीतून येतो?" ते म्हणाले. "मग माझ्याकडे नुसता ढोल का पोचतो? शब्द एकही नाही! मी सुद्धा हीटिंगचे पूर्ण पैसे भरतो." यावर बरीच चर्चा झाली. पहिल्या मजल्यावरच्या डाव्या हाताच्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे पहिली सीडी नीट येते, दुसरी अंधूक. नळ्यांमध्ये हवा अडकली असावी असं एकाने निदान केलं.

सर्व रेडिएटरांतली हवा काढून घ्यावी, म्हणजे प्रत्येक मजल्यावर सारखं पोचेल, असा ठराव मांडला गेला. विषय हीटिंगचा असल्यामुळे मला मत होतं. इतिवृत्तात तशी नोंद आहे: ठराव मंजूर, विरोधात एक.